चिखल सोडणारे बूट

ऑब्स्टॅकल रेससाठी, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीसाठी, बूट शोधायला लागलं की जिकडेतिकडे पकडीच्याच गोष्टी ऐकू येतात. तळव्याला दात किती मिलिमीटरचे, रबर कसलं, ओल्या दगडावर घसरतं का, वगैरे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या काळ्या मातीत राहणाऱ्या माणसाला त्याआधी वेगळाच प्रश्न पडतो: हा बूट चिखल सोडतो का? पकडायला काय, आमची माती कुठल्याही बुटाला पकडते. पावसाळ्यात पांदणीनं, म्हणजे वावरात जायच्या कच्च्या वाटेनं, थोडं अंतर चाललं की पायाखाली लोंदे जमतात, उंची चार बोटं वाढते आणि माणूस बदकासारखा डुलत चालतो. त्या पांदणीवर जो बूट टिकेल तोच घ्यायचा, असं मी ठरवून टाकलं होतं.

मी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या गावातल्या मुलींचा सराव घेते. त्यांचं गणित साधं: 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, एकूण 50 गुण. त्यासाठी जालंधरहून येणारे हलके, सपाट तळाचे शूज पुरतात, आणि तालुक्याच्या कुठल्याही दुकानात ते मिळतात. पण मुलींनी फोनवर भिंती चढणारे, दोर चढणारे, काटेरी तारेखालून सरपटणारे लोक पाहिले आणि मागेच लागल्या, ताई, हे आपल्यालेही जमते. पुण्याजवळ हिवाळ्यात पाच किलोमीटरची अशी एक शर्यत होती. मी आणि दोघी मोठ्या मुलींनी नावं दिली.

हा खेळ फार जुना नाही. इंग्लंडमध्ये 1987 साली 'टफ गाय' नावाची शर्यत सुरू झाली, तिथून या प्रकाराची सुरुवात धरतात. अमेरिकेतल्या स्पार्टन आणि टफ मडर या दोन्ही 2010 च्या. आता तर मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच प्रकारांच्या ऑलिंपिक खेळातली घोडेस्वारी पॅरिसनंतर काढून टाकली आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत येणार आहे. हे सांगितल्यावर एकीनं विचारलं, "म्हंजे घोडा काढून भित टाकली?" जवळपास तसंच.

तर बूट. या शर्यतीत बुटाला जी कामं करावी लागतात ती एकमेकांच्या विरोधात जातात, आणि सगळी डोकेदुखी तिथंच आहे. चिखलासाठी दात लांब हवेत, पण लांब दात कडक रस्त्यावर डगमगतात आणि ओल्या लाकडी भिंतीवर टेकायला त्यांची जागाच कमी पडते. पाणी निघून जायला वरचं कापड पातळ, जाळीदार हवं, पण दोर चढताना तेच कापड आधी फाटतं. काटे-दगड लागू नयेत म्हणून तळ कडक हवा, तर भिंतीच्या फटीत बोटं रोवायला तळ मऊ हवा. सगळ्यात उत्तम असा बूट जगात कुणी बनवलेला नाही. कुठल्या कामात थोडं नुकसान सोसायचं तेवढं आपण ठरवायचं.

खरेदीची सुरुवात तालुक्याला. दुकानदार भला माणूस, पण ट्रेल शूज, म्हणजे कच्च्या वाटांवर पळायचे बूट, म्हटल्यावर त्यानं ट्रेकिंगचे घोट्यापर्यंतचे जाड बूट काढले. आत पाणी येऊ नये म्हणून अस्तर लावलेले. असले वॉटरप्रूफ बूट या कामाला पूर्ण निरुपयोगी. कमरेएवढ्या पाण्यात उतरल्यावर पाणी वरून आत येतं आणि मग ते अस्तर त्याला बाहेर जाऊ देत नाही. पायात दोन बादल्या घेऊन पळायचं. हे दुकानदाराला समजावलं तर तो म्हणाला, "मॅडम, मग चपलच घाला ना." त्याचा मुद्दा अगदीच चूक नव्हता.

यवतमाळला बायकांच्या मापात जे होतं ते सगळं चालायचे शूज, गुलाबी आणि जांभळे, तळ गुळगुळीत. शेवटी नागपूरला डिकॅथलॉनमध्ये गेले. तिथं ट्रेलचे शूज रांगेनं मांडलेले असतात, आणि मुख्य म्हणजे घालून पळून पाहता येतं. घरून निघताना एक काम केलं होतं: संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय सुजल्यावर, कागदावर दोन्ही पावलांची पेन्सिलीनं आखणी करून सेंटीमीटरमध्ये माप घेतलं. उजवं पाऊल किंचित मोठं निघालं. बऱ्याच जणांचं असंच असतं, माप मोठ्या पावलाचं धरायचं. पुढं अंगठ्यापाशी एका बोटाची जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. टाच मात्र घट्ट हवी. रस्त्यावर पळताना टाच थोडी हलली तर फोड येतो. चिखलात हलली तर बूटच मागं राहतो.

दुकानात चिखल नसतो, त्यामुळं तिथं कोरड्या परीक्षाच करता येतात. बूट दोन्ही हातांनी पिळून पाहिला: मधून सहज पिळला गेला पाहिजे, पण अंगठ्याखालीच दुमडला पाहिजे, मधोमध मोडल्यासारखा नको. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, चार ते आठ मिलिमीटरचे पाहिले. टाचेखाली जाड फोम असलेले बूट रस्त्यावर गादीसारखे वाटतात, पण उंचीमुळं ओबडधोबड जागी घोटा मुरगळायची भीती असते. नखानं रबर दाबून पाहिलं. मऊ रबर ओल्या लाकडावर आणि लोखंडावर धरतं, पण लवकर झिजतं. दुकानातल्या मुलाला वाटलं असेल की ही बाई वांगी निवडून राहिली.

तिथं लगेच काही घेतलं नाही. कारण चिखलात घातलेला बूट कुणी परत घेत नाही, आणि ऑनलाइन मागवून परत पाठवायचं म्हटलं तर गावात कुरिअरवाला येईल तेव्हा खरं. त्यापेक्षा उधारीवर चाचणी करायचं ठरवलं. ओळखीत शोध घेतला. मेळघाटात डोंगर पळणाऱ्या एका मित्राच्या बहिणीकडे लांब आणि दाट दातांचा ट्रेल शू होता. भरतीच्या एका पोराकडे रुंद दातांचा, दातांमध्ये मोकळी जागा सोडलेला एक होता, लहान मापाचा. दोन मोजे घालून तो मला बसला. फुटबॉलचे टर्फ शूज, तळाला बारीक रबरी टोकं असलेले, गावातल्या मुलींकडेच होते. शिवाय घरात पडलेले कॅनव्हासचे पीटी शूज. अशी चार जातीची जनावरं बाजारात उभी करावी तशी ओसरीवर मांडली.

आता माती. विदर्भातली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली, तिच्यात स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीचं प्रमाण भरपूर. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात, बोट काय हात जाईल एवढ्या. पण तिच्या चिकटपणाचं एक वेळापत्रक असतं, ते बाबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. धो-धो पाऊस चालू असताना माती पातळ असते, बुटावरून वाहून जाते. वाफसा आल्यावर, म्हणजे जादा पाणी निथळून ओल बेताची राहिल्यावर, ती भुसभुशीत होते, चिकटत नाही. मधला जो काळ, पाऊस उघडून ऊन पडल्यानंतरचा आणि वाफसा यायच्या आधीचा, तो खरा परीक्षेचा. तेव्हा बैलही पाय उचलायला कंटाळतो. मी पांदणीकडे निघाले तर बाबा म्हणाले, "आज वावरात कोनी पाय ठेवत नाही माय, अन् तू पयाले चालली?"

पांदणीवर निकाल झटक्यात लागला. लांब आणि दाट दातांचा बूट, जो किमतीनं सगळ्यात भारी होता, तो सगळ्यात आधी हरला. दातांच्या मधल्या फटीत माती शिरली, तिथंच दबली, आणि थोड्याच वेळात तळ गुळगुळीत झाला. वर अजून माती चिकटायला जागा तयार. मेळघाटातल्या पानांच्या, मुरमाच्या वाटेवर हाच बूट सोन्यासारखा असेल, मला शंका नाही. रुंद फटींच्या बुटावरही माती चढत होती, पण जोरात पाऊल आपटलं किंवा धुऱ्यावरच्या गवतातून चार पावलं टाकली की ढेकळासकट गळून पडायची. तळवा वाकतो तेव्हा दात एकमेकांपासून लांब होतात आणि मधला गोळा सुटतो. म्हणून तळ लवचिक असणं इथंही उपयोगाचं. दातांची उंची पाच मिलिमीटरच्या आसपास होती, म्हणजे हरलेल्या बुटापेक्षा कमीच.

फुटबॉलच्या शूजनी आश्चर्याचा धक्का दिला. चिखलात ते चांगले चालले, माती सोडतही होते. पण पांदण संपून डांबरी रस्ता लागला की तळपायाला बारीक खडे टोचल्यासारखं वाटायचं, कारण कुशनच नाही. पीटी शूज मध्येच पायातून निघून गेला. मी एका पायावर उभी, आणि मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्या काकांनी तो उपसून दिला. "घ्या, तुमचं रताळं."

बाभळीच्या काट्याचं वेगळं सांगायला हवं, कारण परदेशी लेखांत त्याचा उल्लेख नसतो आणि आमच्याकडे तो विषय पहिला. मऊ फोमचा तळ असेल तर दातांच्या मधल्या पातळ जागेतून काटा आरपार येतो. काही ट्रेल शूजमध्ये तळाच्या आत प्लॅस्टिकची पातळ पट्टी असते, टोकदार दगडांसाठी. ती काटाही अडवते. पण तिनं तळ थोडा ताठ होतो, आणि मला भिंतीसाठी मऊ हवा होता. मी पट्टी नसलेला निवडला आणि सरावाची पांदण आधी झाडून घेतली. शर्यतीत बाभळी नसतात असा हिशेब.

पाण्याची चाचणी घरीच झाली, विहिरीजवळच्या हौदात. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर प्रत्येक बूट आधी कोरडा तोलला. मग हौदात बुडवून, तळातून धार थांबेपर्यंत उलटा धरून पुन्हा. मग ओलाच घालून शाळेच्या मैदानाभोवती पळून आल्यावर परत. दुकानदार काकू वैतागल्या, काट्याखाली पाणी सांडतं म्हणून; मी पेपर अंथरला. रुंद फटींचा बूट 240 ग्रॅमवरून 345 वर गेला आणि पळून आल्यावर 290 वर उतरला. पीटी शूज 310 वरून 520 वर गेला, आणि पळून आल्यावरही 480. कॅनव्हास पाणी धरून ठेवतं, जाळी सोडते. हा फरक पळताना तर जाणवतोच, पण खरा जाणवतो लोंबकळताना. मंकी बारवर, म्हणजे लोंबकळत पार करायच्या आडव्या दांड्यांवर, हात बदलताना दोन्ही पायांना मिळून तीनशे ग्रॅम पाणी लटकलेलं असलं की बोटं आधी सुटतात. बुटांचा विचार करताना हातांची आठवण ठेवायची असते हे मला त्या काट्यावर कळलं. मोज्यांचंही तेच: सुती मोजा भिजला की जड होतो, चुरगळतो आणि फोड आणतो. पातळ नायलॉनचे, नडगीपर्यंतचे मोजे घ्यावेत. दोराच्या घर्षणापासून कातडीही वाचते.

दोरासाठी घरच्या कडुलिंबाला विहिरीवरचा जुना नाडा बांधला. नाडा जाड आणि खरखरीत, शर्यतीतल्या ताग-मनिलाच्या दोरासारखा. नायलॉनच्या दोरावर सराव करून उपयोग नाही, तो वेगळाच घसरतो. दोर चढायचा तर हातांनी नाही, पायांनी. दोर एका पायाच्या वरून घेऊन दुसऱ्या पायानं दाबून धरायचा, की त्याच्यावर चक्क उभं राहता येतं. या पकडीत बुटाची आतली बाजू, घोट्याखालची, आणि पायाचा वरचा भाग सगळा रगडा सहन करतात. उतरताना तर दोर तिथून सरकत जातो आणि फोम विरघळावा तसा घासला जातो. म्हणून आतल्या बाजूला रबर किंवा जाड आवरण वर चढवलेलं आहे का ते पाहायचं. माझ्या निवडीच्या बुटात ते नव्हतं, फक्त शिवणीवर एक पट्टा होता. इथं मी नुकसान सोसायचं ठरवलं. सरावातल्या मुलींपैकी सगळ्यात धाकटीला नाडा फार आवडला, ती उतरायलाच तयार नव्हती. वरून आईला हाका मारत बसली.

भिंतीसाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा फाळका. उभ्या फाळक्यावर बादलीभर पाणी ओतून पळत येऊन पाय टेकायचा आणि वरची कड धरायची. इथं दातांपेक्षा रबर महत्त्वाचं, आणि त्यातही चवड्याखालचा जेवढा भाग एकाच वेळी टेकतो तेवढा. फुटबॉलचे शूज ओल्या पत्र्यावर साफ घसरले. गुडघा सोलवटला, पण तो माझा नाही, भरतीच्या पोराचा. स्वतःच दाखवायला गेला होता. ज्यांना फुटबॉलचे शूज घालून शर्यतीत उतरायचं आहे त्यांनी नियमही वाचावेत, धातूचे खिळे बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत.

सरपटण्याची चाचणी तशी किरकोळ. पण त्यात बुटाचं टोक जमिनीवर घासतं, आणि पुढं रबराची टोपी नसेल तर जाळी तिथूनच उसवते. मग त्या भोकातून खडे आत येत राहतात.

शेवटी नागपूरहून पुरुषांच्या मापातला पाच नंबरचा, रुंद फटींचा, पातळ जाळीचा, पुढं रबराची टोपी असलेला जोड आणला. बायकांच्या मापात तसा तळच नव्हता. पुरुषांच्या साच्यात टाच जरा रुंद असते, ती नाडीनं आवळावी लागते: सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडीचा छोटा फास करून त्यातून दुसरी बाजू ओढून घ्यायची. ते भोक रिकामंच का ठेवतात असं मला पूर्वी वाटायचं. त्याचं काम हे आहे. गाठ दुहेरी, आणि उरलेली टोकं खालच्या नाड्यांत खोचायची, नाहीतर ती काटेरी तारेत अडकतात.

दोघी मुलींना एवढा खर्च झेपणार नव्हता आणि मी तसा करायलाही सांगितला नाही. भरतीच्या मैदानावर या बुटाचा उपयोग नाही. एकीनं भरतीच्या पोराचा बूट उधार घेतला. दुसरीचं माप कुणाशी जुळेना, तिनं फुटबॉलच्या टर्फ शूजमध्ये पातळ फोमचा सोल आत टाकला आणि भिंतीवर आम्ही दोघींनी तिला खालून ढकलायचं ठरलं. या शर्यतीत एकमेकांना मदत केलेली चालते. आमच्यासारख्यांसाठी हीच तिची सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

शर्यतीच्या जागी पोचल्यावर मात्र माझा पांदणीचा सगळा अभ्यास जरा हास्यास्पद ठरला. जमीन मुरमाड, लाल. चिखल होता, पण खड्डे करून टँकरनं पाणी सोडलेला, पातळ, पायावरून आपोआप वाहून जाणारा. आमच्या वाफशाआधीच्या मातीपुढं तो म्हणजे सरबत. चिखल सोडण्याचा गुण तिथं कुणी विचारलाच नाही. हा बूट कामी आला तो पाणी सोडण्यामुळं आणि टाच आवळल्यामुळं. भिंतीवर रबरानं धरलं. फोमवाली मुलगी दोघींच्या खांद्यावरून गेली. दोरावर आतल्या पट्ट्याची शिवण उसवली, अपेक्षा होती तशी. मला विचाराल तर मुरमाड जागेच्या शर्यतीला चार मिलिमीटरचे दात आणि जास्त मऊ रबर पुरेसं आहे. पण सराव इथल्या मातीत करायचा असेल, आणि तो वर्षभर इथंच होतो, तर रुंद फटी सोडू नयेत. शर्यत एका सकाळची असते.

बूट धुऊन उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नयेत, डिंक सुटतो. आतला सोल काढून, जुने पेपर कोंबून सावलीत वाळवायचे, पेपर मध्ये एकदा बदलायचे. काळी माती वाळल्यावर ब्रशनं निघत नाही, ओली असतानाच पाण्याच्या धारेखाली काठीनं कोरून काढावी लागते. उसवलेल्या जागी मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा रबर सोल्यूशननं चिकटवला आहे, वरून मोच्यानं मेणदोऱ्याची शिवण घातली. कडुलिंबाच्या नाड्यावर आतापर्यंत तो टिकला आहे. धाकटीला पुढच्या हंगामात यायचं आहे आणि तिचं पाऊल अजून वाढतं आहे, त्यामुळं तिच्यासाठी बूट आताच घ्यायचा नाही, एवढं तिच्या आईला सांगून आले.